रुसवा आणि भरवसा

आम्ही दोघेही मराठी शिकवतो. एक जळगावच्या महाविद्यालयात, दुसरी धुळ्याच्या. घर जळगावला. मधले नव्वदेक किलोमीटरचे अंतर आमच्या संसारात पहिल्यापासून तिसऱ्या माणसासारखे राहत आले आहे. नकाशा पाहणाऱ्यास वाटते, दोन्ही जिल्ह्याची ठिकाणे, दोन्हींना रेल्वे, मग अडचण कसली? अडचण अशी, की धुळ्याचा फाटा निघतो चाळीसगावाहून, आणि जळगावहून सुरतेकडे जाणारा मार्ग अमळनेर-नरडाण्यावरून धुळे शहराला बाजूला टाकून पुढे निघून जातो. तेव्हा एस.टी., नाही तर स्वतःची गाडी. पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे ही गावे आम्हांला आता एखाद्या पाठ झालेल्या ओवीसारखी क्रमाने येतात. महामार्गाचा क्रमांक पूर्वी ६ होता, आता ५३ आहे. चौपदरीकरणाच्या वर्षांत त्याची जी दशा होती तीवर लिहायचे तर स्वतंत्र लेख लागेल, आणि तो संपादकांना छापता येणार नाही.

या रस्त्याने आम्हांला दोनदा गाडी निवडायला लावली; एकदा २०१३ साली आणि एकदा २०२५ साली. दोन्ही वेळा प्रश्न एकच होता: युरोपीय गाडीचे देखणेपण घ्यावे, की जपानी गाडीचा भरवसा? दोन्ही वेळा उत्तर वेगळे आले, आणि त्या उत्तरांविषयी आमच्यात आजही पुरते एकमत नाही. तरी लेख 'आम्ही' या सर्वनामात लिहीत आहोत. ते कुठे कुठे उसवेल, तिथे वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आरंभ मात्र २०१३ च्या बराच आधीचा आहे. आमच्यापैकी जी धुळ्याला शिकवते, तिचे वडील धुळ्याच्या कोर्टात वकिली करीत. १९८७ साली त्यांनी एका केळीच्या व्यापाऱ्याकडून जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली. कागदावर ती पद्मिनी. घरात आणि गल्लीत तिला कायम 'फियाट'च म्हणत. ते चुकीचेही नव्हते. तुरीनच्या फियाट कंपनीने १९५३ साली दान्ते जाकोझा या अभियंत्याच्या हाताखाली ११०० ची जी नवी आवृत्ती काढली, तिचाच हा वंश. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तो रुजला आणि १९७० च्या दशकात चितोडच्या राणीचे नाव लेऊन देशभर फिरू लागला. १०८९ सी.सी.चे इंजिन, चाळीसेक अश्वशक्ती, गिअरचा दांडा सुकाणूच्या चाकाला लागून, आणि पुढची बैठक दिवाणासारखी सलग, म्हणून पुढे तिघे बसत. त्या काळच्या अँबेसेडरच्या शेजारी ती उभी राहिली की जाडजूड मामलेदाराशेजारी त्याची नाजूक धाकटी बहीण उभी राहावी तशी दिसे.

ही गाडी भरवशाची होती काय? आजच्या मोजमापाने मुळीच नव्हती. खान्देशात मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो. त्या उन्हात पद्मिनीच्या पंपात पेट्रोलची वाफ होई, कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल पोचत नसे, आणि गाडी रस्त्याच्या कडेला मुकाट उभी राही. आई म्हणत, "रुसली." मागच्या बैठकीखाली फिरकीचा तांब्या असे आणि एका जुन्या धोतराचे फडके असे. आई उतरत, फडके भिजवीत आणि बॉनेटखाली त्या पंपावर घालीत. लहान मुलाच्या कपाळावर तापात पट्टी ठेवावी तशी. वडील तोवर लिंबाखाली उभे राहून दाव्याचे कागद चाळीत. दहा मिनिटांत रुसवा निघे. पॉइंट जळाले तर पॉलिश कागदाचा तुकडा पुरे. कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये कचरा अडकला तर पारोळ्याचा कुठलाही मिस्त्री तो काढून तोंडाने फुंकून परत बसवी, आणि तेवढ्यासाठी पैसे घ्यायला लाजे.

तेव्हा लक्षात आले नव्हते, आता येते: फियाट आमच्याकडे परदेशी राहिलीच नव्हती. चावी, पगार, बटाटा हे शब्द पोर्तुगीजांकडून आले हे वर्गात सांगितले की विद्यार्थ्यांना खरे वाटत नाही. तसेच तिचे झाले होते. तिची मोडतोडसुद्धा मराठीत होत असे.

आता २०१३. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी एकदाची हाती पडली. प्राध्यापकांच्या आयुष्यात थकबाकी हे एक स्वतंत्र पुरुषार्थाचे प्रकरण असते. गावोगाव त्या वर्षी त्यातून प्लॉट झाले, मुलींची लग्ने झाली. आम्ही गाडी घ्यायचे ठरवले. पर्याय दोनच उरले होते, किंमतही साधारण सारखीच. एक जपानी घराण्याची डिझेल गाडी. पांढरी, नीटस, वेळेवर येणाऱ्या कारकुनासारखी. दुसरी एका युरोपीय कंपनीची. तिचे नाव इथे घेत नाही. पुढे जे घडले त्याचा दोष त्या कंपनीला किती आणि आम्हांला किती, याचा निवाडा अजून झालेला नाही.

दुसरी गाडी आम्ही नाशिकला जाऊन पाहिली. रंग जांभळाच्या पिकल्या सालीचा. पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत एकच रेघ, मध्ये कुठेही हात न उचलता काढलेली. दार लावले की 'धप्प' असा एकच, घट्ट आवाज येई. जपानी गाडीचे दार पत्र्याच्या पेटीसारखे वाजे. आम्ही ते दार चार वेळा उघडले आणि लावले. विक्रेता हसला. त्याने असे हात पूर्वी पाहिले असावेत.

जळगावला परतल्यावर शेजारचे शेतकरी गृहस्थ, मूळचे अमळनेरकडचे, माहितीपुस्तकातले चित्र बराच वेळ न्याहाळत राहिले. मग म्हणाले, "सर, देखाले भारी शे. पन हाई आठे बिघडनी तं देखी कोन?" आम्ही भाषेची माणसे. त्या वाक्यातल्या 'बिघडनी'तील प्रत्ययाकडे आम्ही कौतुकाने पाहिले. अर्थाकडे पाहिले नाही.

काव्यशास्त्र शिकवणाऱ्यांना आपण शैलीच्या बाजूने आहोत याची सबब शोधावी लागत नाही. वामनाने रीतीलाच काव्याचा आत्मा ठरवले. मग प्राध्यापकाने दाराच्या आवाजाला गाडीचा आत्मा का मानू नये? त्याच अभ्यासक्रमात पुढे क्षेमेंद्र येतो हे आम्ही विसरलो. कंबरेचा दागिना गळ्यात घातला तर दागिन्याचा दोष नसतो, तरी हसे व्हायचे ते होतेच, अशा अर्थाचे तो सांगून गेला आहे. औचित्यविचारावर आम्ही दोघांनीही दरवर्षी निदान चार तास बोलत आलो आहोत. असो.

पहिली पाच वर्षे सुखाची गेली, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. एरंडोल सोडल्यावर रस्ता मोकळा मिळाला की त्या गाडीचे जड अंग रस्त्याला चिकटून धावे. समोरून ट्रक आला की हलक्या गाड्या वाऱ्याने थरथरतात. ही थरथरत नसे. हिवाळ्याच्या सकाळी दोन्ही बाजूंना कापसाची उभी शेते, आणि चाकामागे बसलेल्या माणसाला आपण काही तरी नीट करीत आहोत असे वाटे. मराठीच्या प्राध्यापकाला असे वाटण्याचे प्रसंग फार नसतात. धुळ्याहून रात्री एकटीने परतताना त्या घट्ट दाराआड सुरक्षित वाटत असे, हे आमच्यापैकी एकीचे म्हणणे आहे, आणि ते दुसऱ्याने कधी खोडलेले नाही. महाविद्यालयाच्या आवारात विद्यार्थी गाडीभोवती जमत. आम्ही नाही-नाही म्हणत ते आवडून घेत असू.

औरंगाबादकरांनी २०१० साली एकाच वेळी दीडशेच्या आसपास मर्सिडीज घेतल्या, तेव्हा आम्ही स्टाफरूममध्ये त्यावर उपहासाने बोललो होतो. अजिंठ्याच्या पलीकडची माणसे, त्यांना पैसा जिरत नाही, वगैरे. तीन वर्षांनी आम्ही जे केले ते त्याच जातीचे होते, फक्त लहान आकड्यात आणि कर्जावर.

मे २०१८. आईंच्या छातीत दुखत होते. धुळ्याच्या डॉक्टरांनी अँजिओग्राफीसाठी नाशिकला जायला सांगितले. तातडीचे नाही, पण लांबवू नका, अशी ती सूचना होती. सकाळी लवकर निघायचे ते निघता निघता साडेदहा झाले. मालेगाव ओलांडले, उमराण्याच्या अलीकडे तापमानाचा लाल दिवा लागला, आणि पाठोपाठ गाडीने स्वतःच ताकद काढून घेतली. कडेला उभी केली. बॉनेट उघडले तर आत इंजिन दिसेना. वर काळे प्लास्टिकचे झाकण, त्यावर कंपनीचे सुबक चिन्ह. खालून गुलाबी पाणी डांबरावर ठिबकत होते आणि ठिबकताच वाळत होते.

एका ढाब्यावरून ट्रकचे काम करणारा एक मिस्त्री आला. वाकला, झाकणाकडे पाहिले, दोन बोटांनी ते हलवून पाहिले, आणि फार अदबीने म्हणाला, "ह्या गाडीले हात कोठे लावू, दादा?"

आई बाभळीच्या विरळ सावलीत बसल्या होत्या. त्या दिवशी मालेगावकडे त्रेचाळीस होते. कंपनीच्या मदत-क्रमांकावर अत्यंत गोड आवाजात सांगण्यात आले की उचलगाडी नाशिकहून निघेल. आमच्याजवळ पाण्याची एक बाटली होती. फडके नव्हते, आणि असते तरी कशावर ठेवायचे हे कळले नसते. दीड तासाने धुळे-नाशिक एस.टी. हात दाखवल्यावर थांबली. कंडक्टरने आईंना पुढची जागा रिकामी करून दिली. आमच्यापैकी एक त्यांच्याबरोबर गेली, एक गाडीपाशी राहिला. बसमध्ये आई चांदवडपर्यंत काही बोलल्या नाहीत. मग खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "तुझ्या बाबांची गाडी रोज रुसायची. पण तिचा रुसवा काढता यायचा."

अँजिओग्राफी दुसऱ्या दिवशी झाली, औषधांवर भागले. म्हणजे झाले काहीच नाही. आई त्यानंतर तीन वर्षांनी गेल्या, ते वेगळ्याच दुखण्याने. पण त्या तीन वर्षांत त्या आमच्या गाडीत बसल्या नाहीत. कधी नकार दिला नाही. दर वेळी काही तरी कारण निघे, आणि त्या एस.टी.ने येत. बिघाड निघाला तो एवढाच, की इंजिनाला थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या मार्गातला प्लास्टिकचा एक जोड तडकला होता. तळहातावर मावेल एवढा. तो यायला अकरा दिवस लागले.

त्या अकरा दिवसांत आणि पुढे बराच काळ आम्ही या विषयावर एखाद्या प्रबंधाइतके वाचले. कळले ते असे, की देखणेपण विरुद्ध भरवसा ही आमची मांडणीच कच्ची होती. युरोपीय गाडी म्हणजे देखणी, हेच आधी खरे नाही. आमच्या शेजारी नाशिकलाच २००७ पासून महिंद्र आणि रेनो मिळून 'लोगान' बनवीत. ती मूळ रुमानियातल्या डासियाची. तिच्याइतकी रूपाकडे पाठ फिरवलेली मोटार क्वचितच असेल. ती खोक्यासारखी दिसे आणि बैलासारखी चाले. २०११ पासून 'व्हेरिटो' या नावाने टॅक्सीवाल्यांच्या हाती रुळली. भक्कम दिसणे म्हणजे भक्कम असणे, हेही खरे नाही. ग्लोबल एनकॅपने २०१४ च्या आरंभी भारतीय गाड्यांच्या धडक-चाचण्यांचे निकाल जाहीर केले, त्यात एअरबॅग नसलेल्या फोक्सवागन पोलोला शून्य तारे मिळाले. कंपनीने दोन एअरबॅग सर्वच पोलोंना द्यायचे ठरवल्यावर चार. सांगाडा तोच, दाराचा 'धप्प'ही तोच असणार.

आणि जर्मन कारागिरी जर्मनीच्या हवेत ज्या परीक्षेस उतरते, ती परीक्षा इथली नव्हे. फोक्सवागनच्या सात गतींच्या स्वयंचलित गिअरपेटीचे उदाहरण जगभर गाजले. दोन क्लच, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच गती बदलणारी, खरोखर सुंदर रचना. पण उष्ण-दमट हवेत आणि थांबत-चालत जाणाऱ्या गर्दीत तिच्या नियंत्रकातले तेल विद्युत्-मंडलास बाधू लागले. २०१३ मध्ये एकट्या चीनमध्ये तीन लाख ऐंशी हजारांहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि पुढे इतर देशांतही ते तेल बदलून दिले गेले. आमच्या गाडीत ती पेटी नव्हती. तरी हे वाचताना आम्हांला उमराण्याचे डांबर दिसत राहिले.

मग कंपनी देशात टिकेल काय, हा एक निराळाच भरवसा. फियाटने २०१९ साली भारतातली आपली गाड्यांची विक्री आवरली. ज्या नावाने आमच्या गल्लीत एकेकाळी सगळ्याच मोटारी ओळखल्या जात, ते नाव गेले. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींपैकी शेवटची नोंदणीकृत टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांतून गहिवर झाला. धुळ्यात कुणाला काही वाटलेले दिसले नाही.

पण आम्हांला सर्वांत जास्त शिकवले ते जळगावच्या अजिंठा चौफुलीकडच्या एका मिस्त्रीने. त्याचे वडील फियाट आणि अँबेसेडर करीत. त्याने कर्ज काढून गाडीच्या संगणकाशी बोलणारे यंत्र आणले होते आणि मोबाइलवर परदेशी मिस्त्र्यांच्या चित्रफिती पाहून, इंग्रजी न कळता, हातांकडे बघून शिकत होता. २०१९ मध्ये आमची गाडी त्याच्या हाती गेली. त्याने झाकण काढून भिंतीला टेकवून ठेवले आणि ते परत कधी बसवले नाही. "सर, हे नुसतं दिसायला आहे. मे महिन्यात उष्णता धरतं." प्लास्टिकचा तो जोड त्याने आधीच मागवून ठेवला, दर उन्हाळ्याच्या तोंडी नळ्या तपासायचे ठरवले, आणि पुढची सहा वर्षे गाडीने आम्हांला रस्त्यात सोडले नाही. आईंना हे सांगितले होते. त्या म्हणाल्या, "बरं झालं," आणि एस.टी.चे वेळापत्रक विचारले.

२०२५ च्या आरंभी नवी गाडी घ्यायची वेळ आली तेव्हा परिस्थिती बदललेली होती. चाकणला बनलेल्या स्लाव्हिया आणि व्हर्टस आम्ही पाहिल्या; बहुतेक भाग इथलेच, २०२३ च्या धडक-चाचणीत पाच तारे, आणि रेघ अजूनही हात न उचलता काढलेली. दुसरीकडे जपानी घराण्याच्या नव्या डिझायरलाही २०२४ च्या नोव्हेंबरात पाच तारे मिळाले होते, म्हणजे घट्ट दारासाठी युरोपात जायचे कारणही उरले नव्हते.

इथे आमचे 'आम्ही' उसवते. आमच्यापैकी एकाचे म्हणणे होते, की मिस्त्री आहे, यंत्र आहे, गाडी आता निम्मी इथलीच झाली आहे. मग भीती कसली? उरलेल्या नोकरीत त्या रस्त्यावर रोज तीन तास घालवायचे, तर ते आवडत्या वस्तूत घालवावेत. दुसरीचे म्हणणे होते, की मिस्त्री अजिंठा चौफुलीला आहे, उमराण्याला नाही. यावर पहिल्याने विचारले, आईंची गोष्ट नसती तर? दुसरी म्हणाली, ती गोष्ट आहे. हे संभाषण तीन आठवडे, बहुधा रात्री साडेदहानंतर, चालले. त्यात एकदा वामनाचे नाव निघाले आणि ते कुणालाच आवडले नाही.

पाडव्याला पांढरी डिझायर आली. तिच्याविषयी सांगण्यासारखे काही नाही. ती सुरू होते, धुळ्याला जाते, परत येते. ती कुठे उभी केली हे आम्ही अनेकदा विसरतो. आवारात तशा सहा-सात असतात.

जुनी गाडी कुणी घेईना. जळगावात जुन्या युरोपीय गाडीला गिऱ्हाईक म्हणजे एक तर शौकीन, नाही तर अजाण, आणि दोघेही भाव पाडून मागत. शेवटी मिस्त्रीनेच ती घेतली. किंमत ठरवताना तो जरा संकोचला, कारण तिचे काय बदलले आहे आणि काय अजून बरेच टिकेल हे आमच्यापेक्षा त्याला जास्त ठाऊक होते. आम्ही त्याने सांगितलेल्या आकड्याला हो म्हटले.

गेल्या हिवाळ्यात पारोळ्याहून पुढे निघालो होतो. आम्ही ऐंशीवर. आरशात जांभळी गाडी आली, वाढत गेली, आणि शेजारून जाताना हॉर्नचा एक लहानसा ठोका देऊन पुढे निघाली. मागच्या बैठकीवर त्याची बायको आणि दोन मुले होती, आणि मागच्या काचेला पाण्याचा पाच लिटरचा कॅन टेकवलेला दिसला. आमच्यापैकी जो चालवीत होता त्याने पाय थोडा दाबला. दुसरी म्हणाली, "राहू दे." मुकटी येईपर्यंत ती गाडी दिसत होती.